सेकंडहँड इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारचं मॉडेल नेमकं कसं ओळखायचं

सेकंडहँड गिटार हातात आली की पहिला प्रश्न हाच पडतो, की ही नेमकी कुठली? हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, कंपनीचं नाव दिसतं, पण एकेका कंपनीची ढीगभर मॉडेल्स असतात आणि लांबून सगळी सारखीच वाटतात. विकणाऱ्याला विचारावं तर त्यालाही आधीच्या मालकाने सांगितलेलं तेवढंच माहीत असतं, म्हणजे सगळा कारभार अंदाजपंचे. आणि मॉडेल कळलं नाही की पुढचं सगळंच घोडं अडतं: टॉप (पुढची फळी) सॉलिड म्हणजे अखंड लाकडाचा आहे का लॅमिनेट म्हणजे थर चिकटवलेला, प्रीअ‍ॅम्प (गिटारचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी वाढवणारा डबा) मेला तर त्याच खाचेत बसेल असा दुसरा कुठला, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) कुठल्या मापाचं मागवायचं, आणि मागितलेला भाव तरी बरोबर आहे का.

माझं एक मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. गिटारची खरी ओळख तिच्या पोटात असते, बाजूला बसवलेल्या त्या नॉबवाल्या डब्यावर नाही. प्रीअ‍ॅम्प हा भाडेकरू आहे, आज एक उद्या दुसरा. घर कुणाचं आहे ते घरात शिरून बघायचं. आणि कुठलीही एकच खूण बघून निकाल द्यायचा नाही, एकमेकींशी संबंध नसलेल्या निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत.

अजून एक, शब्दाचा घोळ. आपल्याकडे बरेच जण पिकअपवाल्या (तारांचा आवाज वायरीतून बाहेर नेणारा भाग बसवलेल्या) अकूस्टिकला सरसकट सेमी-अकूस्टिक म्हणतात, पण कंपन्या सेमी-अकूस्टिक म्हणतात ते पोकळ बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारला. त्या शब्दाने शोधलं तर भलतंच काहीतरी समोर येतं. इलेक्ट्रो-अकूस्टिक किंवा अकूस्टिक-इलेक्ट्रिक असंच शोधा.

आधी काय काय जवळ घ्यायचं

टॉर्च, मिलिमीटरच्या खुणा असलेली टेप, मोबाईल, वही, आणि मिळाला तर दाताचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा छोटा आरसा. मधल्या दोन तारा, म्हणजे तिसरी आणि चौथी, चांगल्या सैल करा, काढायची गरज नाही. साध्या साउंडहोलचा व्यास साधारण १०० मिलिमीटर असतो, त्यामुळे तारा बाजूला सारल्या की बहुतेक मोबाईल आत जातात. फ्लॅश चालू करून व्हिडिओ सुरू करा, मोबाईल आत घाला आणि सावकाश चारी बाजूंना फिरवा. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, कारण नंतर थांबवून थांबवून बघता येतो. लांबट अंडाकृती होल असेल तर मोबाईल शिरणार नाही, तिथे आरसा आणि टॉर्च.

पहिलं काम: आतलं लेबल आणि नेक ब्लॉक

साउंडहोलमधून सरळ खाली बघितलं की बॅकच्या आतल्या बाजूला कागदी लेबल दिसतं. त्यावर बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात, मॉडेल नंबर, सिरीयल नंबर आणि कुठल्या देशात बनली ते. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मॉडेल आणि सिरीयलचा. सिरीयल लांबलचक असतो आणि प्रत्येक गिटारचा वेगळा, मॉडेल आखूड असतो आणि त्यात बहुधा अक्षरं-आकडे मिसळलेले असतात. लोक सिरीयल टाकून मॉडेल शोधत बसतात आणि हाती काही लागत नाही. तपासणीचं छोटं स्टिकर, बारकोड, पेन्सिलने लिहिलेला आकडा, यातलं काहीच मॉडेल नसतं, पण फोटो सगळ्याचे काढून ठेवा.

लेबल नसेल तर लगेच हताश होऊ नका. आरसा आत घालून नेकच्या बाजूला वळवा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे आत लाकडाचा जाड ठोकळा असतो, तो नेक ब्लॉक. मार्टिनवाले तर १९३० पासून मॉडेलचं नाव तिथेच ठोकतात आणि त्याच्या खाली सिरीयल. इतर बऱ्याच कंपन्यांचाही सिरीयल तिथे सापडतो. मग हेडस्टॉकची मागची बाजू बघा, गिब्सनचा नंबर तिथे लाकडात दाबलेला असतो, काहींचं तिथे नुसतं स्टिकर असतं जे हाताच्या घामाने पुसून गेलेलं असतं. ओव्हेशनच्या काही गिटारींना मधे मोठं होलच नसतं, वरच्या अंगाला पानांच्या आकाराच्या नक्षीत छोटी छोटी भोकं असतात. अशांपैकी ज्यांना पाठीवर गोल झाकण असतं त्यांचं झाकणच उघडायचं, पण स्क्रू जपून, प्लास्टिक जुनं झालं की कडकतं.

लेबल आहे पण वाचता येत नाही

हे फार वेळा होतं. माझ्या हातात एक फेंडर आली होती, तिच्या आधीच्या मालकाने साउंडहोलमधे लटकवायचा ह्युमिडिफायर (लाकूड सुकू नये म्हणून आत ओलावा देणारी वस्तू) वापरला होता, तो ठिबकला आणि लेबलवर बरोबर मॉडेलच्या ओळीवरून तपकिरी डाग पसरला. सीडी-६० एवढं स्पष्ट, शेवटी सीई दिसत होतं, आणि मधे एका अक्षराएवढी जागा, तिथे एस आहे का डागाची कड आहे ते काही केल्या कळेना. आता सीडी-६०सीई आणि सीडी-६०एससीई यांच्यात फरक त्या एका अक्षराचाच, पण तो एस म्हणजे सॉलिड टॉप. म्हणजे गिटारचा अर्धा जीव त्या एका अक्षरात. तिचं पुढे काय झालं ते खाली सांगतो, आधी लेबल वाचायची पद्धत.

टॉर्च समोरून मारू नका, लेबलच्या अगदी कडेने, जवळजवळ आडवा प्रकाश टाका. शाई उडाली असली तरी छपाईचा किंवा टाईपचा दाब कागदावर राहिलेला असतो, त्याची सावली पडते. दोन्ही बाजूंनी असा प्रकाश टाकून वेगवेगळे फोटो घ्या, मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून कॉन्ट्रास्ट वाढवा, डोळ्याला न दिसलेलं अक्षर बऱ्याचदा इथे उठून येतं. ओल्या फडक्याने पुसणं, स्पिरिट लावणं, लेबल उचकटून बाहेर काढणं हे चुकूनसुद्धा करू नका. उरलीसुरली शाई गेली की तो पुरावा कायमचा गेला.

मॉडेलमधली अक्षरं काय बोलतात

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग हा, कारण एकदा ही भाषा कळली की अर्धवट लेबलवरूनसुद्धा बरंच काढता येतं. बहुतेक कंपन्यांत शेवटचा सी म्हणजे कटअवे, बॉडीजवळच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेली खाच, आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे नावात ई नाही पण गिटारला जॅक आहे, तर पिकअप नंतर कुणीतरी बसवलाय असा संशय घ्यायचा. पण हा नियम सगळीकडे लागत नाही, यामाहा बघा. त्यांच्या एफजी आणि एफएसमधे इलेक्ट्रॉनिक्स आलं की ई नाही, एक्स लागतो, एफजीएक्स, एफएसएक्स. एफजी म्हणजे मोठी ड्रेडनॉट धाटणीची बॉडी, एफएस म्हणजे आटोपशीर. एपीएक्स ही १९८७ साली आलेली पातळ बॉडीची मालिका, तिला ते लांबट होल असतं, आणि सीपीएक्सची बॉडी तिच्यापेक्षा जाड. ए मालिकेत ए नुसता असेल तर ड्रेडनॉट, एसी असेल तर कॉन्सर्ट बॉडी, आणि शेवटी एम म्हणजे महोगनी, आर म्हणजे रोझवूड. नावाच्या शेवटी रोमन दोन किंवा तीन असेल तर ते सोडू नका, ती पुढची आवृत्ती असते आणि बऱ्याचदा आतला प्रीअ‍ॅम्प बदललेला असतो.

टेलरचं नाव म्हणजे तर सरळ हिशोब. ३१४सीई घ्या. पहिला ३ म्हणजे मालिका, मधला १ म्हणजे सहा तारा, तिथे ५ असता तर बारा तारा, आणि शेवटचा आकडा बॉडीचा आकार, ० ड्रेडनॉट, २ ग्रँड कॉन्सर्ट, ४ ग्रँड ऑडिटोरियम. याचा दुसरा उपयोग म्हणजे पडताळणी. लेबलवर शेवटी ४ आहे आणि बॉडी मात्र रुंद खांद्याची, कंबर न दबलेली ड्रेडनॉट, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

ताकामिनेच्या जी मालिकेत जीडी३०सीई म्हणजे ड्रेडनॉट आणि जीएन३०सीई म्हणजे त्यांचा तो गोलसर नेक्स आकार. आयबानेझमधे नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर जे येतं ते रंगाचं, एनटी नॅचरल, बीके काळा, तो मॉडेलचा भाग धरून शोधलंत तर उगाच कमी रिझल्ट येतील. ओव्हेशनच्या आकड्यांमागेही रेघ आणि एक आकडा असतो, १ सनबर्स्ट, ४ नॅचरल, ५ काळा, आणि मॉडेल सीसीने सुरू होत असेल तर ती सेलेब्रिटी मालिका.

सिरीयलवरून वर्ष

वर्ष कशाला हवं तर तेच मॉडेल दहा वर्षांत आतून बदलत जातं. टेलरचंच घ्या, एक्स्प्रेशन सिस्टिम २००३ ला आली आणि दुसरी आवृत्ती २०१४ ला, दुसरीला सॅडलच्या मागे ब्रिजवर तीन बारीक स्क्रू दिसतात. २०१० च्या गिटारला ते तीन स्क्रू असतील तर काम नंतर झालंय.

टेलरचा २००९ च्या अखेरीपासूनचा सिरीयल दहा आकडी. समजा ११०९१५५०४२ असा आहे, तर पहिला आकडा कारखाना, १ एल कॅहोन आणि २ टेकाटे, दुसरा आणि सातवा मिळून वर्ष म्हणजे १५, मधे महिना ०९ आणि तारीख १५, म्हणजे १५ सप्टेंबर २०१५. गिब्सनचा १९७७ पासून २००५ पर्यंतचा आठ आकडी, त्यात पहिला आणि पाचवा आकडा वर्ष आणि मधले तीन वर्षातला कितवा दिवस. ८०३५९ ने सुरू झाला तर १९८९ चा पस्तिसावा दिवस, ४ फेब्रुवारी. जपानी ताकामिनेत पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना. मार्टिनमधे असं काही फोडायचं नसतं, १८९८ पासून नंबर सलग चढत आलेत, दर वर्षाचा शेवटचा नंबर कुठला त्याचा तक्ता कंपनी देते, त्यात आपला कुठे बसतो ते बघायचं. यामाहात अक्षरं येतात, त्यांच्या बऱ्याच सिरीयलमधे एच म्हणजे १, आय म्हणजे २, जे म्हणजे ३ अशी चढती ओळ असते, पण कारखान्यागणिक पद्धत बदलते, म्हणून नुसत्या सिरीयलवर यामाहाचं वर्ष ठोकून सांगू नका.

आता तो नॉबवाला डबा

मी सुरुवातीला नेमकी हीच चूक केली होती. प्रीअ‍ॅम्पवर मोठ्या अक्षरात छापलेलं नाव मॉडेल समजलो आणि तीन संध्याकाळी तेच शोधत बसलो, दर वेळी वेगळ्याच कंपनीच्या गिटारी समोर यायच्या. कारण सरळ आहे, फिशमनसारख्या कंपन्या नुसती इलेक्ट्रॉनिक्स बनवतात आणि ढीगभर गिटार कंपन्यांना देतात. प्रेसिस, आयसिस ही नावं फिशमनच्या प्रीअ‍ॅम्पची, गिटारची नाहीत. यामाहाच्या काही गिटारींवर सिस्टिम असं लिहून पुढे आकडा असतो, तोही प्रीअ‍ॅम्पचाच.

पण डबा बिनकामाचा नाही. कंपनीतूनच बसवलेला आहे का नंतर, एवढं तो नक्की सांगतो. पट्टीचे स्क्रू काढून डबा जरासा बाहेर ओढा, वायर ताणू नका, आणि साइडमधे कापलेल्या खाचेची कड बघा. कंपनीची खाच मशीनने कापलेली, कोपरे एकसारखे, आत बऱ्याचदा कडेने लाकडाची मजबुतीची पट्टी. घरगुती खाच करवतीची, कोपऱ्यात जास्तीची कापलेली, पॉलिश उडालेलं, कधी डब्यापेक्षा मोठी झाली म्हणून खालून पुठ्ठा लावलेला. मग आत आरशाने वायर बघा, कंपनीत वायर क्लिपने ब्रेसला (टॉपच्या आतून चिकटवलेल्या आधाराच्या लाकडी पट्टीला) किंवा साइडला नीट बांधलेली असते, नंतरच्या कामात ती लोंबत असते किंवा टेपने चिकटवलेली. शेवटी जॅक. पट्ट्याच्या बटणातच जॅक असेल तर तो पिकअप नंतर बसवलेला असू शकतो, कारण तेवढं एक भोक मोठं केलं की काम होतं, पण काही चांगल्या मॉडेलांना कंपनीतूनच असा जॅक येतो, म्हणून एवढ्यावरून निकाल नको.

नंतर बसवलेलं म्हणजे वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, चांगल्या हाताने बसवलेला पिकअप मूळ प्रीअ‍ॅम्पपेक्षा गोड वाजू शकतो. फक्त अशा वेळी मॉडेल शोधताना ई सोडून द्या आणि साध्या अकूस्टिकमधे शोधा, तिथेच ती सापडेल.

मापं

लेबल, ब्लॉक, हेडस्टॉक सगळीकडे शून्य, तेव्हा टेप काढायची. नटच्या आतल्या कडेपासून, म्हणजे तार जिथून फ्रेटबोर्डवर निघते तिथून, बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ही स्केल लेंग्थ. सॅडलपर्यंत मोजू नका, सॅडल तिरकं असतं आणि थोडं मागे सरकवलेलं, माप चुकतं. ३२२.५ आलं तर ६४५ मिलिमीटर, मार्टिनच्या ड्रेडनॉट घराण्याचं माप. ३२४ आलं तर ६४८, टेलरच्या बहुतेक मोठ्या गिटारी. ३२५ म्हणजे ६५०, यामाहाच्या बऱ्याच गिटारी. ३१४ च्या आसपास म्हणजे गिब्सनचं आखूड स्केल. दोन-तीन मिलिमीटरचा खेळ आहे, त्यामुळे टेप सैल सोडू नका, दोनदा मोजा. मग नटची रुंदी, ४३ आणि ४४.५ हे दोन आकडे सगळ्यात जास्त भेटतात. बॉडीची जाडी शेपटाकडे, आणि कितव्या फ्रेटला नेक बॉडीला मिळते ते, बारा का चौदा. एकूण फ्रेट मोजा. हे पाच आकडे वहीत आले की कॅटलॉगमधली कितीतरी मॉडेल्स आपोआप गळतात.

टॉप सॉलिड का लॅमिनेट

आता त्या फेंडरकडे परत. साउंडहोलच्या कडेवर कडेने प्रकाश टाकला. सॉलिड टॉप असेल तर वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून खाली तशाच सरळ उतरतात, वरची प्रत्येक रेघ कडेवरही सापडते. लॅमिनेट असेल तर कडेवर आडवे थर दिसतात, पोळीला पदर सुटावेत तसे, आणि मधल्या थराची दिशा वेगळी. कडेवर पॉलिश जाड असलं की पटकन कळत नाही, तेव्हा वरची एखादी ठळक रेघ पकडून बोट तिच्यावर ठेवा आणि तीच रेघ कडेवर शोधा. मी तीन जागी बघितलं, तिन्ही ठिकाणी रेघ खाली उतरलेली. आत मोबाईल घालून टॉपची खालची बाजू बघितली तर वरची एक जरा काळपट रेघ आतून त्याच जागी होती. म्हणजे डागाखाली एस होताच. लेबल आणि लाकूड, दोन वेगवेगळ्या खुणा, एकच उत्तर.

शेवटची जुळवाजुळव

एवढं झालं की कंपनीचे जुने कॅटलॉग शोधा, बऱ्याच कंपन्यांचे नेटवर सापडतात, आणि त्या वर्षाच्या आसपासचे फोटो शेजारी ठेवून बघा. फोटो जुळवताना कशावर विश्वास ठेवायचा ते महत्त्वाचं. ट्युनिंगच्या खुंट्या, पिकगार्ड, ब्रिजच्या पिना, सॅडल, नॉब, हे सगळं लोक हौसेने बदलतात, ते जुळलं नाही म्हणून मॉडेल बाद करू नका. न बदलणाऱ्या गोष्टी म्हणजे साउंडहोलभोवतीची नक्षी, फ्रेटबोर्डवरच्या खुणांचा आकार, कडेची बाइंडिंग किती पदरी आहे ते, ब्रिजचा आकार, हेडस्टॉकचं टोक आणि आतलं ब्रेसिंग. ताकामिनेच्या बऱ्याच गिटारींना सॅडल दोन तुकड्यांत असतं, असली एखादी खोड सापडली की शोध एकदम आवळला जातो.

तरी अडलं तर कंपनीलाच लिहा. सिरीयल, आतलं लेबल, हेडस्टॉक पुढून-मागून, पूर्ण गिटार सरळ समोरून आणि पाठीमागून, एवढे फोटो जोडा आणि वरची मापं लिहा. नुसतं माझ्याकडे तुमची काळी गिटार आहे असं लिहिलं तर कुणालाच काही सांगता येत नाही.

तारा परत चढवताना सावकाश, थोडं थोडं करत सुरात आणा. आणि सापडलेलं सगळं एका चिठ्ठीवर लिहून केसच्या खिशात ठेवा, लेबलवर किंवा लेबलशेजारी चिकटवू नका. मॉडेल, सिरीयल, स्केल, नट, टॉप, प्रीअ‍ॅम्प कुठला आणि तो मूळचा का नंतरचा. जे वाचून लिहिलंय आणि जे ताडून लिहिलंय ते वेगळं दाखवा, म्हणजे पुढच्या मालकाला कळेल. त्या फेंडरच्या चिठ्ठीवर मी सीडी-६०एससीई लिहिलं आणि एसच्या खाली रेघ मारून लिहिलं, लेबलवर डाग, हे अक्षर साउंडहोलच्या कडेवरून.